सुबोलची साद

त्या मुलखात ज्याची चोच मोठी, त्याचं रान मोठं. दोन नद्यांच्या बेचक्यातला एक हिरवा उतार साळुंक्यांचा होता. उत्तरेकडून ससाणे आले, त्यांनी उतार बळकावला आणि साळुंक्यांच्या पिलांना ससाण्यांसारखं ओरडायला लावलं. जे पिलू आपल्या बोलीत किलबिलेल, त्याचं घरटं मोडायचं, असा हुकूम सुटला.

हा घाला पडला तेव्हा उताराचा वकील सुबोल समुद्रापलीकडे, हंसांच्या दरबारात होता. मोराशी मोरासारखं आणि घुबडाशी घुबडासारखं बोलायची त्याची हातोटी होती आणि तिचा त्याला थोडा तोराही होता. बोलणाऱ्याची माती विकते, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याची बायको हेमांगी मात्र मागे उतारावरच अडकली होती. आता त्याला एकच ध्यास लागला: हंसांची ससाण्यांशी चाललेली लढाई संपेल तेव्हा उतार साळुंक्यांना परत मिळाला पाहिजे, तोही सगळाच्या सगळा.

पहिल्याच भेटीत त्याने हंसांच्या बोलीत अशी काही विनवणी केली की दरबार खूश झाला. हंसांचा म्हातारा प्रधान धवलकेतू बराच वेळ मान डोलावत राहिला आणि मग शेजाऱ्याला म्हणाला, की या साळुंक्यांना स्वतःची बोली नसावीच. मग त्यांना वेगळं रान तरी कशाला हवं? करायला गेला गणपती आणि झाला मारुती! सुबोलला स्वतःचाच असा संताप आला की त्याला दाणा गोड लागेना.

त्या दिवसापासून त्याचा हट्टच झाला. दरबारात उभं राहिलं की आधी साळुंक्यांच्या बोलीत सगळं सांगायचं, मगच हंसांना उलगडून द्यायचं. हसणारे हसले. कंटाळलेले पंखात मान घालून झोपले. सुबोल बोलतच राहिला.

अखेर हंसांनी ससाण्यांना पिटाळून लावलं. लगेच उताराच्या एका अंगाला कावळे आणि दुसऱ्या अंगाला घारी येऊन बसल्या, आयत्या बिळावर नागोबा व्हायला. तेव्हा धवलकेतूने जुना रिवाज काढला. बाहेरच्या काठावरून एकाने साद घालायची. ज्या झाडावरून त्याच बोलीत ओ येईल, त्या झाडावर सुतारपक्षी खूण करतील आणि तेवढंच रान त्यांचं. खुणा संपल्या की हद्द बंद, मग बाहेरच्याने आत यायचं नाही. नाहीतर जो तो साद घालून आत घुसेल.

"साद घालायला दुसरं कुणी आहे का तुमच्यात?" त्याने सुबोलला हलकेच विचारलं. त्यालाही आता हा हट्टी वकील आवडू लागला होता.

दुसरं कुणी नव्हतं. बाकी सगळ्या साळुंक्या उतारावरच होत्या.

"मीच घालतो," सुबोल म्हणाला.

नदीच्या बाहेरच्या काठावरच्या जांभळीवर तो जाऊन बसला. इतकी वर्षं ससाण्यांची किंकाळी घोकून उतार आपली बोली विसरला असेल तर? त्याने साद घातली. उत्तर नाही. कावळे खुशीत फांद्या बदलू लागले. त्याने पुन्हा साद घातली, गळा फाटेस्तोवर, आणि जिवाचे कान करून थांबला.

पलीकडून एक घोगरा आवाज आला. हेमांगीचा! तिच्या मागून शेजारच्या झाडावरून दुसरा आला, मग टेकाडावरून चार, मग कुठून किती ते कळेनासंच झालं. आयांनी पंखाखाली घेऊन कुजबुजत शिकवलेली पिलंसुद्धा गळा काढून ओ देत होती. सुतारपक्ष्यांची नुसती त्रेधा उडाली. एका झाडावर खूण होईतो पुढची दहा झाडं बोलत होती. कावळ्यांनी आपली म्हणून धरलेली झाडंही बोलली. सुबोल फांदीवर थुईथुई नाचत होता आणि साद घालतच होता. इतका आनंद त्याला उभ्या जन्मात झाला नव्हता.

उतार सगळाच्या सगळा मिळाला. सुतारपक्ष्यांनी चोची पुसल्या आणि ते आपल्या रानात निघून गेले.

हेमांगी उताराच्या काठावरच्या शेवटच्या खुणेच्या झाडावर आली आणि तिने सुबोलला साद घातली. जांभळीवरून त्याने ओ दिली, साळुंक्यांच्या बोलीत, अगदी स्पष्ट. तिने पुन्हा साद घातली, त्याने पुन्हा ओ दिली. ती ऐकून जांभळीवर खूण करायला आता तिथे एकही सुतारपक्षी उरला नव्हता.