राईतली सुकी काटकी

एकदा एका देवराईला नवा राखणदार हवा होता.

देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत वसलेल्या त्या गावाची राई फार जुनी होती. तिच्याभोवती रचीव दगडांचा गडगा होता. आत किंजळ, उंडी, सुरंगीची झाडं एकमेकांना खांदा देऊन उभी होती. मधोमध देवाचा पाषाण आणि त्याच्या पायाशी पावसाळ्यात काठोकाठ भरणारी लहानशी तळी. राईचा नियम असा, की आतली सुकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. पडलेलं झाड तिथंच कुजायचं, पिकलेलं फळ तिथंच गळायचं. राखणदाराच्या हातात जी मानाची काठी असे, तीही राईतली नव्हती. ती शेजारच्या गावाहून मागून आणलेल्या बांबूची होती.

ही काठी कितीतरी वर्षं एका वृद्ध पुरुषाच्या हातात होती. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. आता त्यांची नजर अधू झाली होती. नारळी पौर्णिमेला काठी आपल्या शिष्याच्या हाती द्यावी, असं त्यांनी गावाला सुचवलं आणि गावानं ते मान्य केलं. शिष्य शहरातून आलेला, अभ्यासू, मनानं निर्मळ; स्वभावानं मात्र थोडा कडक. राखणदार होण्यापलीकडे त्याला दुसरी कोणतीही इच्छा नव्हती.

त्या वर्षी पाऊस उघडीपच देत नव्हता. एके सकाळी शेजारची जनाकाकी राईच्या कडेनं जाताना वाकली आणि तिनं राईतली एक काटकी उचलली. शिष्यानं ते पाहिलं.

"काकी, ती खाली ठेवा."

"अरे, चूल नुसती धुमसते आहे. डोळे गेले माझे फुंकून. एवढ्याशा काटकीनं देव उघडा पडणार आहे का?"

"काटकी एवढीशी असेल, नियम एवढासा नाही."

"बरं बाबा." काकीनं काटकी टाकून दिली. "काठी हातात आली, की झाडांची पानंही मोजून घे. एखादं वाऱ्यानं पळवलं तर माझ्यावर यायला नको."

ती पुटपुटत निघून गेली. राईलगतच्या राखणदाराच्या खोपीत, ओटीवर बसलेल्या गुरुजींनी हे ऐकलं आणि ते समाधानानं हसले. आपल्यामागे राई सुखरूप राहील, असं त्यांना वाटलं.

पण त्याच खोपीच्या मागच्या बाजूला एक दगडी डोण, पाणी साठवायची कुंडी, होती आणि तिच्यावर टोपली पालथी घातलेली होती. त्या टोपलीखाली शिष्याचा जीव अडकला होता.

झालं होतं असं. एका तिन्हीसांजेला काही माणसं बत्त्या घेऊन तळीवर बेडूक धरायला आली होती. पावसाळ्यात मोठे बेडूक हळदीसारखे पिवळेधमक होतात आणि डराव डराव करत काठावर येऊन बसतात. त्यांना धरून खाणारे लोकही असतात. शिष्यानं त्या माणसांना हाकलून लावलं. धावपळीत एक पिवळा बेडूक त्याच्या पायाशी येऊन थांबला. याला इथं ठेवला तर उद्या कुणाच्या तरी कढईत जाईल, या विचारानं त्याचा जीव कळवळला. त्यानं बेडकाला उपरण्यात गुंडाळलं आणि घरी आणलं.

त्याचं नाव त्यानं हळद्या ठेवलं. तो रोज त्याचं पाणी बदले, शेतातून गांडुळं आणी, बगळ्यानं चोच घालू नये म्हणून टोपलीवर दगड ठेवी. आईनं लेकराचं करावं तसं तो करत होता. तरीही हळद्याचा पिवळा रंग दिवसेंदिवस उतरत गेला. आवाज तर त्यानं पहिल्या दिवसापासून काढलाच नव्हता. राईत इतर बेडूक ओरडू लागले, की तो डोणीच्या कडेशी सरकून निश्चल बसे.

एके दिवशी वनखात्याच्या रक्षक बाई फिरतीवर असताना पाणी प्यायला खोपीशी थांबल्या. त्यांची नजर डोणीकडे गेली. त्यांनी टोपली उचलून पाहिली.

"भाऊ, हा इथं कसा?"

शिष्यानं घडलेलं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचा हेतू चांगला आहे, त्यात शंका नाही. पण कायद्यानं हा मारायचा नाही, धरायचा नाही आणि पाळायचाही नाही."

"बेडूक? वाघ-बिबट्यांची गोष्ट वेगळी."

"वाघाला राखायला पुष्कळ जण आहेत हो. बेडकाला कोण आहे? म्हणून त्याचंही नाव कायद्यात घातलंय. जिथून आणला तिथं सोडा. उद्या मी याच वाटेनं येणार आहे."

त्या गेल्या. शिष्य तडक गुरुजींपाशी आला आणि त्यानं हळद्याची सगळी हकीकत त्यांना सांगितली. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"गुरुजी, बेडूक खाणाऱ्याला आणि त्याला वाचवणाऱ्याला एकच कायदा? मी याच्यासाठी काय केलं नाही? या कायद्याला डोळेच नाहीत."

गुरुजी एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी राईत गाऱ्हाणं आहे. लवकर ऊठ."

लावणी आटोपली, की गाव राईत जमून देवाला गाऱ्हाणं घालत असे. पिकाला जप, गुराढोरांना जप, चुकलंमाकलं पदरात घे, असं मानकरी देवाला सांगे आणि लोक होकार देत. दुसऱ्या दिवशी सगळे जमले, मानकऱ्यानं नारळ हातात घेतला, तेवढ्यात गुरुजी पुढे झाले. ते वाकले. त्यांनी पाषाणाजवळची एक सुकी काटकी उचलली, काखेत धरली आणि सर्वांच्या देखत ते राईबाहेर चालू लागले.

जनाकाकी म्हणाली, "गुरुजी, अहो, काखेत काय ते?"

"काटकी," गुरुजी म्हणाले. "चुलीला नको आहे. लगेच येतो."

शिष्य त्यांच्यामागे धावला. गुरुजी थेट डोणीपाशी गेले. त्यांनी टोपली बाजूला केली आणि काटकी पाण्यात सोडली.

"तुझ्या हळद्याला टेकायला काही नव्हतं."

शिष्य डोणीवर वाकला. "गुरुजी, ही राईतली आहे."

"होय."

"तुम्हीच शिकवलंत की..."

"सुकलेली होती, खाली पडलेली होती. मी काही विकायला नेली नाही, जाळायलाही नाही. प्रेमानं आणली."

"प्रेमानं आणली म्हणून काय झालं? राईतलं ते राईतलंच..."

आणि शिष्य थांबला. त्यानं डोणीत पाहिलं. मळकट रंगाचा बेडूक काटकीजवळ तरंगत होता. बेडूक आणि काटकी, दोन्ही राईतलीच होती.

गुरुजी डोणीच्या कडेवर बसले. म्हणाले, "काकीला तू अडवलंस ते योग्यच केलंस. पण तेव्हा या टोपलीखाली राईचाच एक जीव होता. अरे, माणूस वाईट हेतूनं जेवढं रान नेतो ना, त्याहून अधिक चांगल्या हेतूनं नेतो. कुणाला चूल पेटवायची असते, कुणाला औषध हवं असतं, कुणाला जीव वाचवायचा असतो. ज्याचं त्याचं कारण खरंच असतं. म्हणून आपल्या पूर्वजांनी कारण विचारलंच नाही. नेऊ नका, एवढंच सांगितलं. तू म्हणतोस कायद्याला डोळे नाहीत. मग राईच्या नियमाला तरी कुठं होते? सरकारनं काही अगदी नवं केलेलं नाही. आपल्या राईचा गडगा उचलून त्यांनी जरा लांब, साऱ्या रानाभोवती नेऊन घातला, इतकंच."

"पण ती बत्तीवाली माणसं पुन्हा आली तर?"

"येतील. त्यांना अडव, गावाला हाक मार, रक्षक बाईंना कळव. राखणदाराचं काम तेच. जो जिथला आहे तिथंच त्याला राखायचं. बगळाही राईचाच आणि बेडूकही राईचाच. त्यांच्यामध्ये टोपली घालायला आपल्याला कुणी नेमलेलं नाही."

शिष्य हळू आवाजात म्हणाला, "जवळच्या विहिरीत सोडू का? तिथं बगळा उतरत नाही."

"काकीनं काटकी विहिरीत टाकली असती, तर तुला चाललं असतं?"

शिष्याला हसू आलं आणि त्याच वेळी त्याचे डोळेही भरून आले. त्यानं हळद्याला ओंजळीत घेतलं. गुरुजींनी काटकी घेतली. दोघं राईत परतले. लोक तसेच उभे होते. गुरुजींनी काटकी होती तिथं ठेवली आणि मानकऱ्याला म्हणाले, "माझ्या नावानं गाऱ्हाणं घाला."

मानकऱ्यानं नारळ कपाळाला लावला. "बा देवा म्हाराजा, आज ह्या गुरुजींच्या हातून राईतली काटकी भायेर गेली..."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

"ती त्यांनी परत आणून ठेवली. चूक पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

तेव्हा शिष्य पुढे आला. "माझंही घाला," तो म्हणाला. मग ओंजळ उघडून त्यानं सर्वांना बेडूक दाखवला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "काठीचं काय करायचं, ते गावानं पुन्हा ठरवावं. मी रुसणार नाही."

मानकऱ्यानं त्याचंही गाऱ्हाणं घातलं. पण काठीच्या गोष्टीवर लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग जनाकाकीच म्हणाली, "मला अडवलंन तेव्हा राग आला होता. आज चार लोकांत स्वतःलाही अडवलंन. मला तरी हा राखणदार पटला. फक्त पानं मोजायची नाहीत, एवढं कबूल कर."

राईत हशा पिकला. मानकरीही हसला आणि म्हणाला, "काठी नारळी पौर्णिमेला. ठरल्याप्रमाणं."

शिष्य तळीच्या काठाशी बसला आणि त्यानं हात पाण्यालगत टेकवले. हळद्या थोडा वेळ तळहातावरच बसून राहिला. मग एक उडी, पाण्यावर एक वर्तुळ, आणि दुसऱ्या क्षणी तळी पूर्वीसारखी.

दिवस कलताना रक्षक बाई त्याच वाटेनं आल्या. डोण रिकामी झालेली त्यांना दिसली. त्या पाणी प्यायल्या आणि पुढे गेल्या.

संध्याकाळी गुरुजी आणि शिष्य राईच्या गडग्यावर बसले होते. तळीतून आवाज उठले. एक, मग दुसरा, मग कितीतरी. त्यांतला हळद्याचा कोणता, हे ओळखायला शिष्य कान देऊन ऐकू लागला. त्याला ओळखता येईना. थोड्या वेळानं त्यानं तो नाद सोडून दिला आणि नुसता ऐकत राहिला.