गाडीच्या पोटाखाली

“पण का येणार नाही, उस्ताद? कारण तरी सांगा.”

दस्तगीर उस्तादांनी हातोडी खाली ठेवली नाही. समोरच्या गाडीच्या दारावरचा पोचा त्यांनी आतल्या बाजूनं बोटांनी चाचपला, दोन हलके ठोके दिले, पुन्हा चाचपला.

“गुडघा धरतोय,” ते म्हणाले.

“म्हणून तर गाडी घेऊन आलोय. पुण्यापर्यंत पोटातलं पाणी हलणार नाही.”

उस्तादांनी पोच्यावर आणखी एक ठोका दिला.

सुबोध आवटी मूळचा मिरजेचाच. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतल्या सगळ्या सुट्ट्या त्यानं याच शेडमध्ये काढल्या होत्या. ठोकलेली गाडी सरळ करण्यात दस्तगीर मुलाणींचा हात धरणारा तेव्हा बेळगावपर्यंत कुणी नव्हता. सुबोध त्यांच्याकडे पत्राकाम शिकला, आणि मग हातोडी सोडून त्यानं लेखणी धरली. आता अशी वेळ होती की पेपरातल्या रविवारच्या सदरात सुबोध आवटी नव्या गाडीबद्दल काय म्हणतो ते वाचल्याशिवाय लोक शोरूमची पायरी चढत नसत. कंपन्या त्याला विमानानं नेत आणि आणून सोडत.

येत्या शनिवारी त्याच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. पहिल्याच पानावर छापलं होतं : उस्ताद दस्तगीर मुलाणी यांस. व्यासपीठावर त्यांची खुर्चीही ठरली होती. फोनवर उस्तादांनी दोनदा नाही म्हटलं, तेव्हा तो स्वतः उठून आला. सहा वर्षांनी आला. बाहेर उन्हात त्यानं आणलेली रुपेरी झोराया गाडी उभी होती. यंदाचं नवं मॉडेल, कंपनीनं चार दिवस चालवायला दिलेलं.

“बस की,” उस्ताद अखेर म्हणाले. “चहा घे. कुठं कुठं फिरलास ते सांग.”

सुबोधला हेच हवं होतं. तो स्टुलावर बसला आणि सुटलाच.

थायलंडमध्ये साधा नोकरदारसुद्धा मागं हौदा असलेली पिकअप घेतो. जपानात गाडी घ्यायच्या आधी ती ठेवायला जागा आहे असा दाखला लागतो, म्हणून तिथं गल्लीबोळांतून काडेपेटीएवढ्या गाड्या. ब्राझीलच्या गाड्या उसाच्या अल्कोहोलवर पळतात. चीनमध्ये मालक मागं बसतो, म्हणून सगळ्या जगात विकतात तीच गाडी तिथं मागच्या माणसाच्या पायांसाठी वीतभर लांब करतात.

“आणि आपल्याकडं?”

“आपल्याकडं चार मीटरच्या आत बसली की कर कमी. म्हणून मागून कापतात.”

“पालीची शेपटी तुटल्यागत दिसत्यात त्या.”

“अगदी!” सुबोध हसला. हे वाक्य आधी सुचलं असतं तर पुस्तकात घातलं असतं, असं त्याला वाटून गेलं.

“आपल्या माणसाला लागतंय काय पण?”

“उंच बसायला लागतं. समोर मोठा पडदा लागतो. आणि छताला खिडकी.”

“या उन्हात?”

“उन्हातच, उस्ताद. त्या खिडकीशिवाय गाडी खपत नाही.”

मग त्यानं टोकियोच्या प्रदर्शनातली गाडी सांगितली. तिला स्टीअरिंग नव्हतं, मधला खांब नव्हता, दारं कपाटासारखी दोन्हीकडं उघडत. आरसेही नव्हते.

“ही विकायची?”

“छे. नुसती दाखवायची. पाच वर्षांनी तिच्यावरून विकायची गाडी काढतात.”

“तेव्हा हिच्यातलं काय उरतंय?”

सुबोधनं विचार केला. “दिव्यांचा आकार.”

उस्ताद खळखळून हसले. मग बराच वेळ कप हातात धरून बसले. चहावर साय धरली.

“म्हणजे देशागणिक गाडी वेगळी.”

“वेगळीच. नाव तेच, तोंडावळा तोच. पण लोक वेगळे, रस्ते वेगळे, सवयी वेगळ्या...”

“एक विचारू? तू जग बघितलंस म्हणून विचारतो.”

“विचारा की.”

“तिकडच्या माणसाची बरगडी केवढी जाड असते?”

सुबोधला वाटलं, थट्टा आहे. पण उस्तादांच्या तोंडावर थट्टा नव्हती. पत्र्याची जाडी विचारावी तसं त्यांनी विचारलं होतं.

“बरगडी... सगळ्यांची सारखीच असते, उस्ताद.”

“असं होय.”

ते उठले. गुडघा दाबत शेडच्या मागं गेले आणि तिथून त्यांनी नुसता हात हलवून बोलावलं.

मागच्या भिंतीला लागून ताडपत्री टाकलेली एक गाडी होती. उस्तादांनी एका कोपऱ्यानं ताडपत्री वर केली. मातकट लाल रंग. पुढचा भाग उरलाच नव्हता. बॉनेट घडी घातलेल्या चादरीसारखं काचेत शिरलं होतं, आणि स्टीअरिंग सीटच्या पाठीला टेकायला बोटभर कमी होतं.

तीही झोराया होती.

“कुणाची?”

“नेमूची.”



नेमिनाथ उगारे शेजारच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. सुबोध इथं काम करायचा तेव्हा त्याच्या कापलेल्या बोटांना आयोडीन त्यांनीच लावलं होतं. उस्तादांना वाचता येत नव्हतं. त्यामुळं दर रविवारी सकाळी नेमिनाथ पेपर घेऊन शेडमध्ये येत आणि सुबोधचं सदर मोठ्यानं वाचून दाखवत. चांगलं वाक्य आलं की दोनदा वाचत. असं उस्तादांनी सुबोधला फोनवर कितीदा तरी सांगितलं होतं.

“कधी झालं?”

“दिवाळी झाली आणि पुढच्याच आठवड्यात. जयसिंगपूरहून येत होती दोघं. उसाची ट्रॉली उभी होती रस्त्यात, मागं दिवा नाही. नेमू काय पळवणारा माणूस नव्हे, चाळीस-पंचेचाळीसवर असेल. वैनी वाचल्या. नेमू तीन दिवस होता.”

“मला कळवलं नाही कुणी...”

“काय कळवायचं?”

उस्तादांनी ताडपत्री सोडली. तिच्या कडा त्यांनी विटांखाली नीट दाबल्या.

“त्याचा पोरगा म्हणतोय, भंगारात घाला. मी अजून हात लावला नाही.”

पुढं येताना सुबोधला काही बोलायचं होतं. ट्रॉलीवाल्यांना शिस्त नाही, हे बोलायचं होतं. आपल्याकडं अंधारात गाडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ, हेही. तो यावर सहज एक लेख लिहू शकला असता.

उस्तादांनी कोपऱ्यातलं गोणपाट उचललं आणि बाहेर उन्हात नेऊन रुपेरी झोरायाच्या पुढं अंथरलं. खिशातून बॅटरी काढली.

“उस्ताद, काय करताय? गुडघा...”

चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस आधी एका हातावर टेकला, मग कुशीवर झाला, मग पाठीवर. सरकत सरकत खांद्यांपर्यंत आत गेला, कमरेपर्यंत गेला. बाहेर उरली नुसती दोन पावलं. भेगाळलेल्या टाचा, त्यात वर्षानुवर्षांचं काळं.

सुबोध ओणवा झाला, पण गाडीखाली डोकावेना. तसाच अर्धवट उभा राहिला.

गाडीखालून बॅटरीचा उजेड इकडून तिकडं फिरला आणि एके ठिकाणी थांबला.

“सुबोध.”

“हां, उस्ताद.”

“नेमूला ही गाडी घ्यायची होती. माझ्याकडं आला. म्हणाला, दस्तगीर, तू एकदा बघ, तू हो म्हणलास की घेतो. मी म्हणलो, मी कशाला बघू? आपल्या सुबोधनं लिवलंय न्हवं? साडेचार तारे दिल्यात. ती ओळ तूच मला दोन वेळा वाचून दाखवलीस की, नेमू.”

पावलं हलली नाहीत.

“मी वाकलो न्हाई. पन्नास वर्षांत पहिल्यांदा, गाडीखाली बघितल्याशिवाय हो म्हणलं. गुडघा तेव्हा बरा होता माझा.”

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. 

“तू वाकला होतास का?”



नाही म्हणणं सोपं होतं. वाकलो नाही, उस्ताद, घाई होती, दिवसभरात तीन गाड्या चालवायच्या होत्या. उस्तादांनी चार शिव्या घातल्या असत्या. चार शिव्या घालून पदरात घेतलं असतं. आळशी शिष्य जगात पुष्कळ असतात.

पण तो वाकला होता.

पहिल्यांदा पोर्तुगालमध्ये. तिथं झोराया जगाला पहिल्यांदा दाखवली, तेव्हा बाकीचे पत्रकार समुद्राकाठी जेवत होते आणि हा एकटा गाडीखाली शिरला होता. बंपरच्या मागं धडक झेलायला मनगटाएवढा जाड, आडवा लोखंडी बीम होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी आधार. ते बघून त्याला उस्तादांची आठवण झाली होती. मग दोन महिन्यांनी इथली झोराया आली, आणि सवयीनं तो तिच्याखालीही शिरला. तिथं बीमच्या जागी वळवलेला पातळ पत्रा होता. आधार नव्हतेच. त्यानं बोटानं टिचकी मारून बघितली होती, आणि तो आवाज त्याला कळला होता.

“वाकलो होतो,” तो म्हणाला.

गाडीखालचा उजेड विझला.

“मग?”

“दिसलं होतं मला. चार ओळी लिहिल्या होत्या मी, उस्ताद. खरंच लिहिल्या होत्या.”

“नेमूनं वाचल्या न्हाईत त्या.”

“कंपनीतून एकाचा फोन आला होता. धमकी नाही, काही नाही. गोड बोलला. म्हणाला, आवटी साहेब, आपले वेग कमी, आपल्या बाजाराला ते लागत नाही, उगाच लोक घाबरतील. मी... मीच काढल्या. कुणी काढायला लावल्या नाहीत.”

“त्या जागी काय घातलंस?”

सुबोधनं डोळे मिटले.

“छताच्या खिडकीबद्दल.”

 पुढच्या महिन्यात त्याच कंपनीनं आपल्याला टोकियोला नेलं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं सांगितलं नाही. मग सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

पावलं सरकायला लागली. आधी पोटऱ्या बाहेर आल्या, मग धुळीनं माखलेला सदरा, शेवटी पांढरी दाढी. सुबोधनं हात पुढं केला. उस्तादांनी तो धरला नाही. बंपरलाच धरून ते उठून बसले आणि तिथंच गोणपाटावर पाय पसरून बसून राहिले.

“अजून तसाच पत्रा आहे,” ते म्हणाले. “या नव्या गाडीलाही. पडदा मोठा केलाय न्हवं यंदा?”

“हो.”

सुबोध त्यांच्या पुढ्यात मातीत बसला. “मला बोला, उस्ताद. मारा हवं तर. पुस्तकातलं तुमचं नाव मी काढतो. प्रकाशनच थांबवतो. पण असे गप्प बसू नका...”

उस्तादांनी सदऱ्याच्या टोकानं डोळ्यांत गेलेली माती पुसली. आधी एक डोळा, मग दुसरा. पुसता पुसता त्यांच्या खांद्यांवरचा कसला तरी ताण उतरला. सुबोधनं तो उतरताना पाहिला, आणि त्याला त्याचीच भीती वाटली. आल्यापासून पहिल्यांदाच उस्तादांनी त्याच्याकडं सरळ, जवळजवळ मायेनं पाहिलं.

“बरं झालं सांगितलंस,” ते म्हणाले. “चार महिने मी म्हणत होतो, शिकवण्यातच माझं काहीतरी राहून गेलं, म्हणून तू वाकला न्हाईस.”