टिकलीचा फर्मा

"फेकलास ना माझा फर्मा?" टिकली उंदरीण म्हणाली.

"फेकला. मला नाही लागत," फांदीवरचा सुतारपक्षी म्हणाला. "मी नजरेने भोक पाडतो."

"बघ ते नजरेचं भोक. घर हलतंय."

हलतच होतं. डुगडुग, डुगडुग.

टिकली घर बांधत होती. चार खांब, वर तुळया. सुताराने खांबाला भोक पाडायचं, टक टक. टिकलीने तुळईचं टोक कुरतडायचं, कुर्र कुर्र. टोक भोकात शिरलं, खट्ट, की झालं पक्कं. भोकं सारखी पडावीत म्हणून टिकलीने बांबूच्या कांबीचा फर्मा केला होता. मधे खाच. चोच मारायची ती खाचेतच. तीन खांब असे झाले. चौथ्याचं भोक सुताराने नुसत्या नजरेनेच पाडलं. आणि टिकलीची पिल्लं राहिली उघड्यावर.

फर्मा पडला करवंदीच्या जाळीत. टिकली निघाली, तुरुतुरु.

"जाळीबाई, फर्मा दे."

"शेळी माझा पाला खाते. तिला आवर, मग देते."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेळीमावशी, पाला सोड. जाळी फर्मा देईना, फर्म्यावाचून घर होईना."

"गवत दे, मग सोडते."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"गवतदादा, वर ये. शेळी पाला सोडीना, जाळी फर्मा देईना, फर्म्यावाचून घर होईना."

"घसा सुकलाय. पाणी आण, मग येतो."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाटबुवा, पाणी सोड. गवत वर येईना, शेळी पाला सोडीना, जाळी फर्मा देईना, फर्म्यावाचून घर होईना."

"कसं सोडू गं? माझं दार अडकलंय. दाराच्या दांडीचं भोक वाकडं. सुताराला आण, मग सोडतो."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"सुतारा, भोक सरळ कर. पाट पाणी सोडीना, गवत वर येईना, शेळी पाला सोडीना, जाळी फर्मा देईना, फर्म्यावाचून घर होईना."

सुतार खाली बघू लागला. "ते भोक माझंच," तो म्हणाला. "नजरेचं."

"मग आता फर्म्याने पाड."

"फर्मा तर जाळीत."

दोघं पाटाच्या दाराशी आली. टिकली दांडीवर चढली. शेपटी सरळ ताणली.

"हा घे फर्मा. कडेकडेने चोच मार. शेपटीला लागली तर बघ मग."

सुताराला घाम फुटला. टक. थांबला. टक. पुन्हा थांबला. इतकं सावकाश त्याने जन्मात टोचलं नव्हतं. भोक सरळ. शेपटी शाबूत.

दार उघडलं, सर्र. पाटाने पाणी सोडलं, खळखळ. गवत वर आलं, लुसलुस. शेळीने पाला सोडला, जाळीने फर्मा दिला, टप्प.

चौथा खांब उलटा केला. खाचेतून नवं भोक पाडलं. तुळईचं टोक शिरलं.

खट्ट.

पिल्लं आत गेली. वारा आला, फूऽऽ. घर जागचं हललं नाही.

सुतार मान वेळावून म्हणाला, "तरी पाटाचं दार जमवलं ते माझ्या नजरेनेच."

टिकली शेपटी पुसत म्हणाली, "नजर तुझी होती रे, शेपटी माझी होती."