गोळी कोण बघणार?

फार पूर्वी एका गावात एक गुऱ्हाळवाला होता. त्याचा गूळ असा पिवळाधमक, की देवीच्या जत्रेचा प्रसाद दरसाल त्याचाच. पण माणसाचा पाय एका जागी ठरेल तर शपथ! ऊस पिळायच्या चरकावरचा बैल हाकायला हा, चुलवाणात चिपाडं सारायला हा, रसावरची मळी काढायलाही हाच. गडी होते, पण हा त्यांच्या हातातलं काम ओढून घ्यायचा. त्यात एक नियम तर दगडावरची रेघ: पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का, ते फक्त मालकाने बघायचं. तोवर पाकाची मोठी कढई, ती काहील, चुलवाणावरून उतरवायची नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी पाक खदखदत असताना चरकाचा बैल अडला. मालक तिकडे धावला. बैलाला चुचकारतो तोच देवळाची गाडी दारात आली. "मालक, प्रसादाच्या गुळाच्या ढेपा कुठायत?" गाडीवान ओरडला. मालक त्याच्याकडे वळला, आणि करपट वास आला.

धावत येऊन बघतो, तर गडी काहिलीभोवती उभे आणि आत पाकाचा कोळसा.

"अरे, डोळे फुटले होते का तुमचे?"

"दिसत होतं की," थोरला गडी म्हणाला. "पण गोळी तुम्हीच बघायची ना? गेल्या साली मी पळीला हात लावला, तर हिसकावून घेतलीत."

गाडीवानाने कासरा ओढला. "शेजारच्या गावी बघतो मग. प्रसाद तिकडचा, तर पुढचा मानही तिकडचाच."

"थांब बाबा! एका काहिलीपुरता ऊस आहे अजून."

मालकाने पळी उचलली. बैल पुन्हा अडला. मालक क्षणभर घुटमळला, मग पळी थोरल्याच्या हाती अन् बैल दुसऱ्या गड्याकडे देऊन बाजेवर बसला. बसला कसला! जाळ मोठा वाटला, उठला. बसला. मळी राहिली वाटलं, पुन्हा उठला. शेवटी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

ऊन कललं. थोरल्याने पाण्यात थेंब टाकला. "मालक, बघता का?"

मालकाने मांड्यांखालचे हात आणखी दाबले. "मला काय विचारतोस? पळी तुझ्याकडे आहे."

थोरल्याने गोळी बोटात दाबली. "हं, धरा रे! उतरवा!"

पाक आळून ढेपा पडल्या, तसा गाडीवानाने एक गरम तुकडा तोंडात टाकला. "जरा तांबूस आहे." त्याने आणखी एक तुकडा मोडला. "पण गोड आहे हो! भरा गाडी."

थोरल्याने एक तुकडा मालकाला दिला. इतक्या वर्षांत आपला गूळ गरम असताना खायला त्याला सवडच झाली नव्हती.

तात्पर्य: इतरांचे हात बांधून ठेवणाऱ्या मालकाजवळ शेवटी स्वतःचे दोनच हात उरतात.