दगडावरचा बगळा

कचेऱ्यांत संगणक नवे होते तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या पूर-कचेरीत एका पडद्यावर काठावरच्या कॅमेऱ्यातून येणारं नदीचं चित्र आणि पाण्याच्या पातळीचा आकडा शेजारी राहत. पडद्यामागे टायमर होता. तो कुणाला दिसत नसे, पण दर पाच सेकंदांनी न चुकता हाक मारी, "जुनं पुसा, नवं दाखवा!"

आकडा निमूट ऐके. चित्र मात्र एका दुपारी अडून बसलं. "तीच नदी, तोच दगड, त्यावर तोच बगळा. मी नाही पुसून घेणार!"

टायमर रागावला नाही, थकलाही नाही. हाका मारतच राहिला.

कामावरच्या कुमुदताई चहा घेऊन आल्या आणि थबकल्या. "अगंबाई, पाणी हातभर चढलंय म्हणतो आकडा, नि बगळ्याचा दगड कोरडा कसा?"

त्यांनी धावत जाऊन भोंगा वाजवला. नदीत धुणं धुणाऱ्या बाया पिळे टाकून वर पळाल्या.

भोंग्याने चित्र दचकलं आणि पुढच्याच हाकेला पुसलं गेलं. आता दगड नव्हता. बाया उभ्या होत्या तिथून गढूळ पाणी धावत होतं.

चार दिवसांनी पाणी उतरलं. दगड दिसला, बगळाही येऊन बसला. टायमर हाक मारणार, त्याआधीच चित्र म्हणालं, "पूस मला. एव्हाना तो उडाला असेल तर?"