उंबराला आलेलं फूल

एका राज्यात, जिथे पाखरं माणसांशी बोलत आणि माणसंही त्यांचं ऐकून घेत, एक फार सुंदर रीत होती. आता ती राहिली नाही. आठवण आली की जीव हळहळतो.

रीत अशी. मुलगा असो की मुलगी, सोळावं लागलं की नदीकाठच्या उंबराखाली उभं राहायचं, पिकलं उंबर तळहातावर घ्यायचं आणि आपला दोष स्वतःच्या तोंडाने सांगायचा. वर म्हातारा धनेश पक्षी बसलेला असे. तो खाली येई आणि ते फळ गिळून टाकी. मग आईने दूधभाताचा घास भरवायचा, आणि तो विषय पुन्हा कोणी काढायचा नाही. काय ती माणसं होती! पोरं रडत यायची आणि हलकी होऊन घरी जायची.

धवलसेन राजाच्या लेकीला, कनकांगीला, सोळावं लागलं. एकुलती एक, लाडाची. राजाला वाटलं, राजकन्येचा दोष चारचौघांत कशाला? त्याने दरबारच्या कवीकडून एक दोष रचून घेतला. कनकांगीने उंबर हातात धरलं आणि घडाघडा म्हटलं, "माझं मन लोण्याहून मऊ आहे, हाच माझा दोष." लोकांनी माना डोलावल्या. लोकांचं काय जातंय?

धनेशाने फळ गिळलं. ते त्याच्या घशात अडकलं.

"राजा, तू मला खोटं खाऊ घातलंस," तो म्हणाला. "जिने स्वतःला लपवलं, तिला तिची आई ओळखणार नाही."

राणी घास घेऊन पुढे आली होती. ती थबकली. "ही कोणाची मुलगी?" असं म्हणून तिने हात मागे घेतला. कनकांगीने धनेशाचे पाय धरले आणि उःशाप मागितला.

"तीन उंबरं घे," धनेश म्हणाला. "एक तळ्याला सांग, एक डोंगरावरच्या मांत्रिकाला आणि एक जिला सांगायला हवं तिला. खरं बोललीस तर उंबराला फूल येईल. तिन्ही वाया गेली तर आई कायमची परकी."

उंबराला फूल येतं का, असं मध्येच विचारू नका. त्या राज्यात येत असे.

कनकांगी तळ्याकाठी गेली. "मी सकाळी उशिरा उठते," ती म्हणाली. तळ्याने फळ काठावर परत आणून ठेवलं. असले दोष सांगायला कोणाला जड जातं?

मग ती डोंगर चढून मांत्रिकाकडे गेली. ज्याला हात लावला की माणसाचा दगड होतो, असल्या शापित धनाच्या राशीला तो मात्र बिनधास्त टेकून बसला होता. तिने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "पृथ्वीवर माझ्याइतकी वाईट मुलगी नाही."

"तिथेही पहिला मान तुलाच हवा?" मांत्रिक म्हणाला. फळ तिच्या हातातच कुजलं.

आता एकच उंबर उरलं. कोणाला सांगायचं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर ती आधी भलतंच सांगत फिरत होती. केसर ही माळ्याची मुलगी, तिची लहानपणीची सखी. दोघी राणीकडे वीणा शिकत. एका सकाळी वीणेच्या तारा कापलेल्या सापडल्या, आणि कनकांगीने केसरकडे बोट दाखवलं. केसर मान खाली घालून आजोळी निघून गेली, ती परत आली नाही.

आजोळी केसर अंगण सारवत होती.

"तारा मी कापल्या," कनकांगी म्हणाली. "आईने तुझं कौतुक केलं. तू माझ्यापेक्षा छान वाजवतेस, ते मला सोसवेना."

"मला ठाऊक होतं," केसर म्हणाली. "मी वीणेला पुन्हा हात लावला नाही." ती सारवतच राहिली.

पण कनकांगीच्या हातातल्या उंबराला फूल आलं. पांढरं, इवलंसं.

ते फूल घेऊन कनकांगी तडक आईच्या महालात गेली. राणीने विचारलं, "कोण गं तू?" तिने आईलाही तेच सांगितलं, एक शब्द न गाळता. राणीच्या डोळ्यांत ओळख उमटली.

"मला तेव्हाच शंका आली होती, कनका," ती म्हणाली. "मी विचारलं नाही. ती माझी चूक." आणि तिने लेकीला पोटाशी धरलं.

तिकडे धनेशाचा घसा मोकळा झाला. राजाने उंबराखाली सर्वांसमोर माफी मागितली. राणी स्वतः जाऊन केसरला घेऊन आली. काही दिवसांनी केसरने वीणा मांडीवर घेतली. पहिला सूर लागला आणि कनकांगीच्या छातीत पुन्हा तीच जुनी कळ उठली.

"केसर," ती म्हणाली, "मला आत्ताही तुझा हेवा वाटतोय."

केसरने वाजवणं थांबवलं नाही. ती थोडी सरकली आणि शेजारी जागा करून दिली.