ठिपकूचा बाण कुठे गेला?

तिळाएवढा एक कोळी होता. काळा काळा, गोल गोल. शर्वी त्याला म्हणायची ठिपकू.

ठिपकू जाळं विणायचा नाही. तो उड्या मारायचा. टुणुक टुणुक!

शर्वीनं कॉम्प्युटर लावला की पडद्यावर यायचा एक पांढरा बाण. बाण पळायचा सुळकन. ठिपकू त्याच्यामागे टुणुक टुणुक!

एकदा काय झालं, शर्वीनं बटण दाबलं. खट! काहीच नाही. परत दाबलं. खट खट! पडदा आपला काळाकुट्ट. शर्वी पाय आपटत स्वयंपाकघरात गेली.

"अरेच्चा! माझा बाण कुठे गेला?" ठिपकू म्हणाला.

ठिपकू गेला पडद्याकडे. टुणुक टुणुक!

"पडद्या, पडद्या, बाण दे ना!
बाण आला की ठिपकू खेळेल!"

पडदा म्हणाला, "डबा मला चित्र देईना. मी नाही बाण देत जा!"

टेबलाखाली होता कॉम्प्युटरचा डबा. ठिपकू गेला डब्याकडे. टुणुक टुणुक!

"डब्या, डब्या, चित्र दे ना!
चित्र आलं की पडदा बाण देईल.
बाण आला की ठिपकू खेळेल!"

डबा म्हणाला, "वायर मला वीज देईना. मी नाही चित्र देत जा!"

ठिपकू गेला वायरकडे. टुणुक टुणुक!

"वायरबाई, वायरबाई, वीज दे ना!
वीज आली की डबा चित्र देईल.
चित्र आलं की पडदा बाण देईल.
बाण आला की ठिपकू खेळेल!"

वायर म्हणाली, "केर काढताना माझी पिन निघाली. आबा ती बसवेनात. मी नाही वीज देत जा!"

आबा बसले होते आरामखुर्चीत. ठिपकू गेला आबांकडे. टुणुक टुणुक!

"आबा, आबा, पिन बसवा ना!
पिन बसली की वायर वीज देईल.
वीज आली की डबा चित्र देईल.
चित्र आलं की पडदा बाण देईल.
बाण आला की ठिपकू खेळेल!"

आबा हळूच म्हणाले, "शूऽऽ! बोकोबा माझ्या मांडीवर झोपलाय. तो उठेना. मी नाही पिन बसवत जा!"

ठिपकू चढला बोकोबाच्या कानावर. टुणुक टुणुक!

"बोकोबा, बोकोबा, उठा ना!
बोकोबा उठला की आबा पिन बसवतील.
पिन बसली की वायर वीज देईल.
वीज आली की डबा चित्र देईल.
चित्र आलं की पडदा बाण देईल.
बाण आला की ठिपकू खेळेल!"

बोकोबा म्हणाला, "म्याऽऽव! शर्वी मला दूध देईना. मी नाही उठत जा!"

ठिपकू गेला स्वयंपाकघरात. टुणुक टुणुक!

"शर्वीताई, शर्वीताई, दूध दे ना!
दूध आलं की बोकोबा उठेल.
बोकोबा उठला की आबा पिन बसवतील.
पिन बसली की वायर वीज देईल.
वीज आली की डबा चित्र देईल.
चित्र आलं की पडदा बाण देईल.
बाण आला की ठिपकू खेळेल!"

शर्वी मुसमुसत म्हणाली, "माझे बाबा लांब बोटीवर आहेत. आज ते पडद्यावर दिसणार होते. माझं रडू थांबेना. मी नाही दूध देत जा!"

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. शर्वीचं रडू बघून ठिपकूलाही कसंसंच झालं.

मग त्यानं काय केलं? पुढचे दोन पाय वर केले. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. आणि ढुंगण हलवलं. झुलुक झुलुक!

शर्वी खुदकन हसली!

शर्वी हसली, वाटीत दूध ओतलं.
दूध आलं, बोकोबा उठला. लप लप लप!
बोकोबा उठला, आबांनी पिन बसवली. खटॅक!
पिन बसली, वायरनं वीज दिली. झिर्र!

शर्वीनं बटण दाबलं. खट!

वीज आली, डब्यानं चित्र दिलं. घुर्र्र!
चित्र आलं, पडद्यानं बाण दिला. लख्ख!

आणि पडद्यावर कोण आलं? बाबा!

"शर्वुल्या, कशी आहेस गं?"

बाण पळाला सुळकन. थांबला तो थेट बाबांच्या नाकावर. ठिपकूनं मारली उडी. टुणुक!

"बाबा, बाबा, हलू नको हं!" शर्वी ओरडली. "तुझ्या नाकावर ठिपकू नाचतोय!"

बाबा हसले, आबा हसले, शर्वी तर पोट धरून हसली.

ठिपकूला मिळाला बाण,
तुम्हाला गोष्ट छान!